हरकतीच्या शेजारी ‘सूचना’ही असते

दक्षिण पुण्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ५४, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती. ९६ फ्लॅटच्या सोसायटीत त्या वीस वर्षं राहतात. सोसायटीच्या भिंतीला लागून साधारण ६० गुंठ्यांची मोकळी जागा आहे. विकास आराखड्यात तिच्यावर क्रीडांगणाचं आरक्षण आहे, पण क्रीडांगण कधी झालंच नाही. बहुतेक जागा महापालिकेच्या ताब्यात आहे, कडेचा एक तुकडा अजून मूळ मालकाकडे. संध्याकाळी मुलं क्रिकेट खेळतात, एका कोपऱ्यात राडारोडा पडलेला असतो, नवरात्रात मांडव पडतो.

आता ते आरक्षण बदलून तिथे आर्थिक दुर्बल घटकांसाठी घरं बांधण्याचा प्रस्ताव आला आहे. जवळच्या नाल्याच्या काठावरची कुटुंबं तिथे हलवायची, असं बोललं जातंय. सोसायटीने हरकतीचे छापील फॉर्म काढले आहेत. प्रत्येक फ्लॅटने सही करायची आणि वकिलासाठी दोन हजार रुपये द्यायचे. यजमान म्हणतात, ‘आयुष्यभराची पुंजी या घरात आहे, सही करून मोकळी हो.’ पण ताईंकडे चौदा वर्षं स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी त्याच नाल्याकाठी राहतात. फॉर्म आठ दिवस फ्रिजवर चुंबकाखाली अडकवलेला आहे, आणि मावशी रोज त्याच फ्रिजमधून दही काढतात. मावशींना मराठी वाचता येतं. ‘सही केली तर मला माझीच लाज वाटेल, नाही केली तर सोसायटीत वाळीत पडेन. काय करू?’ असं ताई विचारतात.

ताई,

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी हातात पेन्सिल घेतली आणि दोन ठिकाणी खूण केली. एक ‘आमचं ग्राउंड’ या शब्दांपाशी आणि दुसरी ‘संध्याकाळी बाहेरची मुलं येऊन खेळतात’ या वाक्यापाशी. त्या दोन्हींकडे वळायचंच आहे, पण आधी कागदाचं बोलू. तुमच्या सोसायटीत जी घबराट आहे, तिच्यातली निम्मी कागद न वाचल्यामुळे आहे असं मला वाटतं.

तुम्ही लिहिलंय, ‘महापालिकेने तिथे घरं बांधायचं ठरवलं.’ पण तुम्ही सोबत पाठवलेला जाहीर नोटिशीचा फोटो मी नीट वाचला. त्यात ठरवलं असं कुठेही नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याच्या कलम ३७ खाली मंजूर आराखड्यात फेरबदल ‘प्रस्तावित’ आहे, एवढंच आहे. या एका शब्दात तुमच्या हाती अजून बरंच काही शिल्लक आहे. पुण्यात असा विषय साधारणपणे शहर सुधारणा समितीतून मुख्य सभेपुढे जातो. तिथे ठराव झाला की राजपत्रात आणि वर्तमानपत्रात नोटीस येते आणि एक महिन्यात लोकांनी आपलं म्हणणं मांडायचं असतं. मग सुनावणी होते, त्यावर अहवाल होतो, आणि प्रस्ताव मंत्रालयात नगरविकास विभागाकडे जातो. शेवटची मंजुरी राज्य शासनाची. ते आहे तसा मंजूर करू शकतात, काही बदल करून मंजूर करू शकतात किंवा नाकारूही शकतात. तुम्ही आत्ता या साखळीच्या मधल्या कडीपाशी उभ्या आहात, आणि सामान्य माणसाला हात घालता येतो तो याच कडीला.

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं पुण्यात नगरसेवक नव्हते, प्रशासकच सगळे ठराव करत होते. त्या काळात आपली सवय मोडली. आपल्या प्रभागातलं काही असेल तर कुणाच्या दारात जायचं, हे लोक विसरले आणि थेट वकिलाकडे जायला लागले. वकील लागतो तेव्हा लागतोच. पण नोटिशीला उत्तर द्यायला तो लागत नाही.

आता नोटिशीचं शीर्षक पुन्हा वाचा. तिथे ‘हरकती व सूचना’ लिहिलेलं आहे. सोसायटीच्या फॉर्मवर त्यातला पहिलाच शब्द उचललाय. दुसरा गळलाय, आणि तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या गळलेल्या शब्दात आहे. सही करणं आणि न करणं यापलीकडे तिसरीही वाट कायद्याने तुम्हाला दिलेली आहे. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावाने, हे झालं तर असं व्हावं, असं लिहून देण्याची.

छापील फॉर्मबद्दल मला थोडं कडक बोलायचं आहे. २०१३ मध्ये पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला तेव्हा ८०,००० हून अधिक हरकती-सूचना आल्या होत्या. शहर जागं आहे याची ती मोठी खूण होती आणि त्यातून बरंच काही बदललंही. पण एवढ्या गठ्ठ्यात एकाच मजकुराच्या हजार फॉर्मांचं काय होतं? ते एकत्र बांधले जातात आणि त्यांना एकच उत्तर मिळतं. मी स्वतः एका सुनावणीला बसलेली आहे. बाहेर बाकांवर शंभर-सव्वाशे माणसं, आत एक टेबल. माझा नंबर आला तेव्हा अधिकाऱ्यांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, ‘तुमचं वेगळं काही आहे का, की वरच्यांसारखंच?’ माझा फॉर्मही छापीलच होता. मी ‘वरच्यांसारखंच’ म्हटलं आणि दोन मिनिटांत बाहेर आले. माझ्या मागे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी वहीच्या कागदावर रस्त्याची रुंदी पावलांनी मोजून लिहून आणली होती. त्यांना पंधरा मिनिटं आत बसवून घेतलं.

ती सुनावणी कशाची होती, तेही सांगते, कारण त्यातलं माझं वागणं आजही मला टोचतं. आम्ही तेव्हा दुसऱ्या एका शहरात राहत होतो. आमच्या बिल्डिंगसमोरच्या प्लॉटवर भाजी मंडईचं आरक्षण होतं. मंडई म्हणजे वास, कचरा, टेम्पो, पहाटे चारचा गोंगाट. आम्ही सगळ्यांनी मिळून विरोध केला. निवेदनं, मोर्चा, ओळखी, सगळं झालं. फाइल मागे पडली. आम्ही पेढे वाटले. नंतर वर्षांमागून वर्षं गेली, जागा कुणी ताब्यात घेतलीच नाही. मग एक दिवस मालकाने रीतसर नोटीस दिली, मुदत संपली, आरक्षण गेलं आणि तिथे बारा मजले उभे राहिले. आमच्या घरात दुपारनंतर दिवे लावावे लागायला लागले. आणि भाजीवाल्या बायका? त्या आजही त्याच रस्त्याच्या कडेला गटाराच्या जाळीवर पोतं टाकून बसतात. वास, कचरा, गोंगाट, सगळं आहे. फक्त त्यांच्या डोक्यावर छप्पर नाही. मी त्यांच्याचकडून भाजी घेत होते, आणि त्यांच्या मंडईविरुद्ध सही माझीच होती.

हे त्याच कायद्याच्या कलम १२७ मुळे होतं. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि आजच्या नियमानुसार त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप संपतं. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आताचा आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. म्हणजे ती तारीख धरली तर दहा वर्षं भरतच आली. तुमच्या प्लॉटचा जो तुकडा मालकाकडे आहे, त्याच्यावर नजर ठेवून असलेलं कुणी असेलच. म्हणून तुमच्या सेक्रेटरींना मी एक प्रश्न विचारायला सांगेन: ‘आपण हा प्रस्ताव हाणून पाडला, तर त्यानंतर तिथे काय होणार आहे?’ क्रीडांगण होणार आहे, असं उत्तर कुणाकडे आहे का? इतकी वर्षं ते झालं नाही. त्यासाठी सोसायटीने कधी एक तरी अर्ज केला होता का?

हे विचारताना मला तुमच्या यजमानांची काळजी उडवून लावायची नाही. आयुष्यभर हप्ते भरलेल्या माणसाला घराची किंमत हा चिल्लर विषय नसतो. पण ‘दर पडतील’ हे वाक्य तपासून घ्यावं. ग्रुपवर ते पन्नासदा आलं असेल. एकाने तरी आकडा दिला का? गिऱ्हाईक येतं तेव्हा पाणी किती वेळ येतं, पार्किंग आहे का, रस्ता केवढा, हे विचारतं. त्या तीन गोष्टी खराब झाल्या तर दर खरोखरच पडतील, आणि त्या खराब होऊ शकतात. दोनशे घरं वाढली आणि जलवाहिनी तीच राहिली तर मे महिन्यात तुमचे टँकर वाढणार. म्हणजे भीती खोटी नाही, तिचा रोख चुकला आहे. शेजारी कोण येणार याची नको, सोयी न वाढवता माणसं वाढवली जातील याची काळजी करा. आणि ती काळजी नव्या रहिवाशांनाही तितकीच लागू आहे. गरिबांसाठी म्हणून बांधलेल्या कितीतरी इमारतींत लिफ्ट वर्षभरात बंद पडते, पाण्याची मोटर जळते, दुरुस्तीला कुणी नसतं, आणि मग सातव्या मजल्यावरची म्हातारी महिनोन्‌महिने खाली उतरत नाही. हे व्हायला नको असेल तर आत्ताच लिहायला हवं.

‘तसली वस्ती शेजारी नको’ असंही कुणी तरी म्हणालं, हे तुम्ही पत्रात अगदी संकोचून लिहिलंत. त्यावर एवढंच म्हणते की ती माणसं सकाळी सहापासून तुमच्याच गेटमधून आत येतात. दूध टाकतात, जिने झाडतात, गाड्या पुसतात, पोळ्या लाटतात, रात्री तुमच्या गेटवर जागतात. तुमच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात.

आता माझी पहिली खूण. ‘आमचं ग्राउंड’. दोन वेगवेगळ्या मोकळ्या जागांची लोक गल्लत करतात, तुमच्याकडेही तीच झाली आहे. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर बांधकाम करताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती तिथल्या रहिवाशांसाठी असते. तुमच्या सोसायटीतली बाग आणि घसरगुंडी त्यातलीच असणार. तिच्यावर कुणी बांधायला निघालं तर जरूर भांडा. पण आराखड्यातलं आरक्षण ही वेगळी गोष्ट. ते सबंध भागासाठी असतं. तुमच्या गॅलरीतून ते दिसतं म्हणून ते तुमचं होत नाही. ज्याच्या घराला गॅलरीच नाही, त्याचाही त्यात तेवढाच वाटा असतो.

यातूनच दुसरी खूण उलगडते. ‘बाहेरची मुलं’. ही मुलं कुठून येतात, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. पण पुढच्याच परिच्छेदात सांगितलंत की मावशींचा धाकटा त्याच ग्राउंडवर खेळतो, कधी कधी शिट्टी वाजवून आईला हाका मारतो. म्हणजे ती मुलं नाल्याकाठची आहेत. ताई, जरा थांबून याकडे बघा. ज्यांना तिथे घर मिळणार, त्यांच्याच मुलांचं मैदान जाणार. सोसायटीतली मुलं संध्याकाळी क्लासला जातात किंवा कोचकडे पैसे भरून खेळतात. नाल्याकाठच्या पोरांना त्या ६० गुंठ्यांशिवाय दुसरी जागा नाही. म्हणून मला हा वाद ‘सोसायटी विरुद्ध वस्ती’ असा वाटतच नाही. एकाच कुटुंबाला घर हवं आणि मैदानही हवं, आणि आपण त्यांना एकातलं एक निवडायला लावतोय.

मैदान जाऊ द्यावं, असं मी मुळीच म्हणत नाही. एकदा गेलेलं मैदान परत मिळत नाही. बंगळुरूत राजमहाल विलास एक्स्टेंशनमधली बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी दिली होती. रहिवासी कोर्टात गेले, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवलं. मोकळ्या जागा ही सगळ्यांच्या आरोग्याची गरज आहे आणि तिच्यासाठी रहिवाशांना दाद मागता येते, हे त्या निकालाने पक्कं झालं. तुमच्यासारखी पत्रं लिहिणाऱ्या इतरांनीही हा निकाल लक्षात ठेवावा. विशेषतः बागेचं आरक्षण उठवून दुकानं किंवा खासगी रहिवास करायचा प्रस्ताव असेल, तर पहिला प्रश्न विचारावा की या फेरबदलाने खिसा कुणाचा भरतो? उत्तर एखाद्या मालकापाशी जाऊन थांबत असेल तर बिनदिक्कत, ठाम हरकत घ्या. तुमच्याकडे मात्र ते उत्तर नाल्याकाठच्या माणसांपाशी जातं. किंवा जातं असं निदान सांगितलं जातंय, आणि ते कागदावर पक्कं करून घेणं हाच तुमच्या सूचनेचा पहिला मुद्दा असायला हवा.

मी तुमच्या जागी असते तर काय लिहिलं असतं, ते सांगते. वर सर्व्हे नंबर, आराखड्यातला आरक्षणाचा क्रमांक आणि नोटिशीची तारीख. खाली साध्या मराठीत एक पान. घरांना माझा विरोध नाही. पण तिथली घरं सर्वेक्षणात नोंद असलेल्या नाल्याकाठच्या कुटुंबांनाच आधी मिळतील, हे ठरावात लिहा. नुसतं ‘आर्थिक दुर्बल घटक’ लिहिलं तर उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारं शहरातलं कुणीही सोडतीत येऊ शकतं, आणि नाल्याकाठचे नाल्याकाठीच राहतात. मग मैदान. ६० गुंठे म्हणजे साधारण ६,००० चौरस मीटर. नियमाप्रमाणे दहा टक्के मोकळं सोडावंच लागेल, म्हणजे सहाशेच्या आसपास. पण तेवढ्यात बाकडी आणि दोन झोपाळे एवढंच मावतं. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर असतं, कबड्डीचं १३ बाय १०. दोन्ही शेजारी शेजारी आखून भोवती पळायला आणि टेनिस बॉलने खेळायला जागा ठेवायची तर २० गुंठे तरी सलग हवेत. सलग हा शब्द अधोरेखित करा. नाही तर इमारतींच्या मधल्या फटी जोडून कागदावर २० गुंठे भरतात आणि पोरं पार्किंगमध्ये खेळतात. म्हणून एक तृतीयांश जागा क्रीडांगण म्हणूनच आरक्षित राहू द्या आणि उरलेल्या दोन तृतीयांशावरच फेरबदल करा, असं स्पष्ट मागा. कडेचा तो मालकाकडचा तुकडा आधी ताब्यात घ्या, हेही त्यातच लिहा.

पुढे पाणी. ‘पाणी पुरत नाही’ असं मोघम नको. गेल्या मे महिन्यात सोसायटीने किती टँकर घेतले, ते बिलांवरून मोजा आणि आकडा द्या. नवी जलवाहिनी आणि ड्रेनेज आधी, घरांचा ताबा नंतर, असा क्रम मागा. रस्ता टेपने मोजा. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्यावर अग्निशमनाचा बंब जाईल का ते बघून लिहा. आणि लिफ्ट-मोटरच्या देखभालीची पहिल्या काही वर्षांची तरतूद कोण करणार, ते विचारा. ही शेवटची ओळ तुमच्या शेजाऱ्यांसाठी आहे, अजून आलेले नाहीत त्या.

नकाशा बघायला नोटिशीत दिलेल्या कार्यालयात कामाच्या वेळेत स्वतः जा. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून वाट बघत बसू नका. त्या अर्जाच्या उत्तराची मुदत ३० दिवसांची, आणि तुमच्याकडे अख्खा महिनाच आहे, त्यातले दिवस सरतायत. पत्राच्या दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. पत्रात शेवटी ‘मला सुनावणीत प्रत्यक्ष म्हणणं मांडायचं आहे’ हे वाक्य घाला. सुनावणीला जाल तेव्हा संध्याकाळच्या खेळाचा एक फोटो आणि हाताने काढलेलं एक रेखाटन असू द्या.

सोसायटीचं काय? सही करायची सक्ती कुणी कुणावर करू शकत नाही. हरकत ही व्यक्तीची असते. दोन हजारांबद्दल शांतपणे विचारा की याचा सर्वसाधारण सभेत ठराव झालाय का? झाला नसेल तर ती ऐच्छिक वर्गणी आहे. सेक्रेटरींना गाठून तोंडीच सांगा, ग्रुपवर लिहू नका: ‘मी स्वतंत्र पत्र देतेय, पाण्याचा आणि रस्त्याचा मुद्दा त्यात आहे, वाचायला देईन.’ वाळीत पडण्याची भीती मला कळते. जिन्यात नजर चुकवणारी माणसं मीही पाहिली आहेत. पण माझा अनुभव असाही आहे की ९६ घरांत तुमच्यासारखी फ्रिजवर फॉर्म अडकवून ठेवलेली दहा-बारा घरं नक्की असतात. त्यांना फक्त कुणीतरी आधी बोलायला हवं असतं. तुमचं पत्र वाचून त्यातली दोन जरी आपापलं पत्र घेऊन गेली, तरी सुनावणीत ‘वरच्यांसारखंच’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत काहीतरी वेगळं ऐकू येईल.

यजमानांशी वाद घालू नका. घर त्यांचंही आहे. त्यांना पटलं तर ते फॉर्मवर सही करतील, तुम्ही तुमचं पत्र द्याल. एका घरातून दोन मतं गेली तर कायद्याला काहीच अडचण नाही, आणि संसारालाही नसावी. मात्र टँकरची बिलं मोजायला त्यांना बरोबर घ्या. आकडे हाताखालून गेले की माणूस वेगळं बोलायला लागतो.

सगळ्यांत अवघड राहिलं ते मावशींचं. तुमच्या पत्रात त्या आहेत, पण त्यांचं एकही वाक्य नाही. त्यांना ते घर हवंय, हे तुम्ही गृहीत धरलंय. मीही आत्तापर्यंत धरलंच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं वाहून गेली, नाल्याकाठची घरं चिखलाने भरली. ती रात्र ज्यांनी काढली त्यांना पक्क्या घराचं मोल आपण सांगायला नको. पण म्हणून प्रत्येकाला पाचव्या मजल्यावरची ३० चौरस मीटरची खोली हवीच असेल असं नाही. कुणाची शिवणयंत्रं दारात असतात, कुणाची हातगाडी. कुणाला भीती असते की आधी घर पाडतील आणि नवं कधीच देणार नाहीत. जून २०२१ मध्ये आंबिल ओढ्याकाठची घरं पाडली तेव्हा लोकांनी कारवाई थांबवायला ज्या आकांताने धडपड केली, ती याच भीतीपोटी. नवं घर बांधून, किल्ली हातात देऊन मगच जुनं पाडा, ही मागणी मावशींच्या मनात असू शकते. ती तुम्ही त्यांच्या वतीने लिहू नका. कलम ३७ मध्ये कोणाही व्यक्तीकडून हरकती-सूचना मागवाव्यात असंच म्हटलंय. त्यासाठी फ्लॅटचा मालक असावं लागत नाही. मावशी स्वतःच्या नावाने पत्र देऊ शकतात, त्यांच्या वस्तीतल्या पन्नास बायका देऊ शकतात. नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते आणि तो पेपर त्यांच्याकडे येत नाही. तुमच्याकडे येतो. तुम्ही त्यांना द्यायची ती हीच गोष्ट, मदत म्हणून नव्हे, बातमी म्हणून.

आणि तो फॉर्म फ्रिजवरून काढून ड्रॉवरमध्ये लपवू नका. मावशींनी तो वाचला असणारच. आठ दिवस त्याही गप्प आहेत, तुम्हीही गप्प आहात. उद्या त्या आल्या की चहा टाका, दोघी ओट्यापाशी न थांबता टेबलाशी बसा, नोटिशीचा फोटो मोठा करून त्यांना वाचू द्या आणि शेवटची तारीख दाखवा. त्या चिडतील, रडतील किंवा ‘बघू’ म्हणून उठतील. त्यांना वेळ द्या. संध्याकाळी त्यांच्या धाकट्याला वर बोलवा आणि तुमच्या रेखाटनावर त्याला बोट ठेवायला सांगा, की पावसाळ्यात पाणी साचत नाही तो कोपरा कुठला, आणि खेळायला ठेवायची तर २० गुंठे जागा नेमकी कुठून कुठपर्यंत ठेवायची.